हृदयविकाराचा झटका : निदान व उपचार यांची कसोटी

हृदयविकाराचा झटका हा शब्दप्रयोग आतां इतका रूढ झाला आहे कीं, छातींत कळ येऊन एखादा मनुष्य कोसळला म्हणजे शेजारीपाजारीही निदान करून मोकळे होतात. परंतु सर्व झटके एका जातीचे नसतात. हृदय हें सर्व शरीरास रक्त पुरवितें खरें. पण खुद्द त्याच्या स्नायूस रक्त पोंचविण्याचें काम त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या दोन लहान धमन्या व त्यांच्या शाखा करतात. त्यांतील एखादी शाखा रक्ताच्या गुठळीनें पूर्णपणें बुजली तर तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू घटकेघटकेनें मरूं लागतो. दुसऱ्या प्रकारांत वाट अरुंद होते, पण बहुधा थोडें रक्त पाझरत राहतें. पहिल्या प्रकारावर जें औषध प्राण वांचवितें तेंच दुसऱ्यावर निरुपयोगी, प्रसंगीं घातकही ठरूं शकतें. हा भेद ओळखण्यास आणि तो निर्विवाद सिद्ध करण्यास जवळजवळ सारें विसावें शतक खर्ची पडलें.

निदानाचें साधन आधीं हातीं आलें. हॉलंडमधील लायडन येथील प्राध्यापक विलेम आइन्थोव्हेन यांनीं शतकाच्या आरंभीं हृदयांतील सूक्ष्म विद्युत्प्रवाह कागदावर उमटविणारें यंत्र तयार केलें. तें यंत्र कांहींशे शेर वजनाचें असून चालविण्यास पांच माणसें लागत. रोगी हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. या शोधाबद्दल आइन्थोव्हेन यांना १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. इकडे शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१२ सालीं दाखवून दिलें कीं, हृदयाची धमनी एकाएकीं बुजली तरी प्रत्येक रोगी तत्काळ दगावतोच असें नाहीं. पुढें १९२० सालीं न्यूयॉर्कचे हॅरल्ड पार्डी यांनीं अशा रोग्याच्या आलेखांत एक खूण दाखविली. दोन लाटांमधील जी रेघ सपाट असावयाची ती वर चढलेली दिसते. आजही इस्पितळांत पाऊल ठेवतांच डॉक्टर प्रथम हीच रेघ पाहतात.

रोग ओळखतां आला, तरी त्यावर इलाज मात्र नव्हता. रोग्यास सहा सहा आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. त्यानें स्वतःच्या हातानें घांसही घेऊं नये असा कांहीं ठिकाणीं दंडक होता. बोस्टनच्या डॉक्टर लेव्हाइन यांनीं १९५२ सालीं रोग्यांना आरामखुर्चींत बसविण्यास सुरुवात केली, तेव्हां तेंही मोठें धाडस वाटलें.

आश्चर्य असें कीं, गुठळी विरघळविणारें द्रव्य त्यापूर्वींच उपलब्ध होतें. बाल्टिमोर येथें विल्यम टिलेट यांना १९३३ सालीं आढळलें कीं, घशाचे विकार उत्पन्न करणाऱ्या एका जातीच्या जंतूंपासून निघणारा पदार्थ गोठलेलें रक्त पातळ करतो. त्यालाच पुढें स्ट्रेप्टोकायनेज हें नांव मिळालें. मग तो हृदयाच्या रोग्यांना सर्रास देण्यास १९८० नंतरचा काळ कां उजाडावा लागला? याला कारणें दोन. एक म्हणजे, गुठळी हें झटक्याचें कारण कीं त्याचा परिणाम, यावरच विद्वानांत वाद होता. अमेरिकेंतील स्पोकेन गांवच्या डॉक्टर डीवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो १९८० सालीं मिटविला. झटका येऊन चार तास होण्यापूर्वींच त्यांनीं रोग्यांच्या धमन्यांचीं क्ष-किरणचित्रें घेतलीं; १२६ पैकीं ११० जणांची धमनी पार बुजलेली निघाली.

दुसरें कारण अंकगणिताचें आहे. या औषधाच्या परीक्षा झाल्या नव्हत्या असें नाहीं. पण त्या शंभर दोनशें रोग्यांवरच्या. शंभर रोग्यांत एरवीं तेरा दगावत असतील आणि औषधानें अकरा दगावले, तर तो औषधाचा गुण कीं निव्वळ योगायोग, हें कोणी सांगावें? दोन माणसांचा फरक नाणेफेकींतही पडतो. यामुळें कोणी औषधाची वाहवा करी, कोणी त्यास व्यर्थ म्हणे, आणि रोगी मात्र मरत राहिले. शेंकडा दोन-तीन जीव वांचणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे; ज्या रोगानें दरवर्षी लक्षावधि माणसें जातात तेथें त्याचा अर्थ हजारों घरें असा होतो. परंतु एवढासा फरक दिसण्यास रोगीही हजारोंनींच पाहिजेत.

इटालियन डॉक्टरांनीं हें प्रथम करून दाखविलें. त्यांच्या १७६ हृदयरोग-कक्षांनीं मिळून सुमारें ११,८०० रोग्यांची परीक्षा घेतली. ती १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १३ वरून १०.७ वर आलें. पहिल्या तासाच्या आंत औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. सहा तासांनंतर आलेल्यांत मात्र फायदा स्पष्ट दिसेना.

यानंतर ऑक्सफर्डची परीक्षा झाली. तिचें नांव आयसिस-२. ऑक्सफर्डपाशीं टेम्स नदीसही आयसिसच म्हणतात, हा इंग्रजी विनोद नांव ठेवणाऱ्यांच्या मनांत असावा. पीटर स्लाइट, रिचर्ड पीटो आणि रोरी कॉलिन्स हीं या मालिकेशीं निगडित असलेलीं प्रमुख नांवें. तिच्या उभारणींत केरळांत जन्मलेले व बंगलोर येथें वैद्यक शिकलेले सलीम युसूफ यांचाही वांटा होता. सोळा देशांतील ४१७ इस्पितळांत १७,१८७ रोगी घेतले. योजना अगदीं साधी. झटक्याचा संशय आहे आणि चोवीस तास लोटलेले नाहींत, एवढें पुरे. मग दैवगतीनें रोग्यांचे चार वर्ग पडत. एकास शिरेंतून स्ट्रेप्टोकायनेज, दुसऱ्यास महिनाभर रोज नेहमींच्या गोळीची निम्मी ॲस्पिरिन, तिसऱ्यास दोन्ही, चौथ्यास दोन्हींच्या जागीं नुसतीं दिखाऊ औषधें. कोणास काय मिळालें हें रोग्यास ठाऊक नसे, डॉक्टरासही नसे. १९८८ च्या ऑगस्टमध्यें निकाल बाहेर पडला. कोणतेंच औषध न मिळालेल्यांत पांच आठवड्यांत दर हजारीं १३२ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानें दगावले. दोन्ही मिळालेल्यांत ८०. त्यांतही ॲस्पिरिनसारख्या, डोकेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या पैशा-दोन पैशांच्या गोळीनें महागड्या औषधाच्या जवळजवळ बरोबरीनें जीव वांचविले होते.

या निबंधाबरोबर एक गंमतही छापली गेली. संपादकांनीं पृच्छा केली कीं, वय, लिंग इत्यादि पोटवर्ग पाडून औषध कोणास लागू पडतें व कोणास नाहीं हें द्यावें. संशोधकांनीं तें दिलें. पण सोबत रोग्यांच्या जन्मराशींप्रमाणेंही वर्ग पाडले! मिथुन व तूळ राशीच्या रोग्यांना ॲस्पिरिननें किंचित् अपायच झालेला दिसला, बाकीच्या दहा राशींना भरघोस फायदा. संशोधकांस ज्योतिष सांगावयाचें नव्हतें. मोठ्या आंकड्यांचे पुरेसे लहान तुकडे केले म्हणजे हवा तो निष्कर्ष निघतो, हें त्यांनीं ठिकाणावर आणून दाखविलें. आपल्याकडे पत्रिका पाहून औषध घेणाऱ्यांनीं हा कोष्टक भिंतीवर लावण्यास हरकत नाहीं.

तरीही एक वर्गवारी खरीच महत्त्वाची निघाली, आणि ती राशींची नव्हे, पार्डींच्या रेघेची होती. १९९४ सालीं नऊ मोठ्या परीक्षांतील ५८,६०० रोग्यांचे आंकडे एकत्र करून पाहण्यांत आले. ज्यांची रेघ वर चढलेली होती त्यांना सहा तासांच्या आंत औषध मिळाल्यास दर हजारीं सुमारें तीस जीव वांचत, सात ते बारा तासांत मिळाल्यास सुमारें वीस. ज्यांची रेघ उलट खालीं उतरलेली होती त्यांना लाभ मुळींच दिसला नाहीं. अशा रोग्यांवर धोका मात्र लादला जाई. कारण गुठळी विरघळविणारें औषध मेंदूंत रक्तस्राव घडवूं शकतें, आणि दर हजारीं सुमारें चार जणांना औषधाच्या पायीं जादा पक्षाघात झाल्याचें याच हिशेबांत निघालें.

पुढें धमनींत बारीक नळी घालून फुग्यानें वाट मोकळी करण्याची पद्धत आली. २००३ सालीं तेवीस परीक्षा एकत्र केल्या असतां औषधानें शेंकडा नऊ, तर या पद्धतीनें शेंकडा सात मृत्यू आढळले. अर्थात् ती सोय वेळेंत मिळेल तरच. निदानानंतर दोन तासांच्या आंत तसें इस्पितळ गांठणें शक्य नसेल तर जेथें रोगी आहे तेथेंच औषध टोंचावें, असा आजचा संकेत आहे.

रेघेची साक्ष मात्र पुरती विश्वसनीय नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित पाहणींत, ज्यांची रेघ वर चढलेली नव्हती व म्हणून ज्यांना कमी तांतडीच्या वर्गांत घातलें होतें, अशा रोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांशांची धमनी प्रत्यक्षांत पूर्णपणें बुजलेली आढळली. त्यांची वाट उघडण्यास विलंब होतो आणि मृत्यूही अधिक होतात. विशेषतः हृदयाच्या मागील बाजूस रक्त पुरविणारी शाखा बुजली असतां छातीवर लावलेल्या तारांना ती गोष्ट कळत नाहीं. म्हणून शंका येतांच कांहीं तारा पाठीवर जोडून दुसरा आलेख काढतात, आणि रेघेशिवाय आणखी कोणत्या खुणा भरंवशाच्या आहेत याचा शोध अद्याप चालू आहे.