वकिलाच्या कानांतलें गुपित

महाड हें नांव उच्चारतांच आपणां सर्वांना चवदार तळें आठवतें. १९२७ सालच्या मार्च महिन्यांत तेथें काय घडलें, हें सर्वविदित आहे. परंतु त्या इतिहासाचा एक अध्याय महाडच्या दिवाणी न्यायालयांत लिहिला गेला, याची आठवण थोड्यांनाच असते. १२ डिसेंबर १९२७ रोजीं तेथें दावा दाखल झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः बॅरिस्टर. पण त्या दाव्यांत ते प्रतिवादी होते. अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयानें १७ मार्च १९३७ रोजीं त्यांच्या बाजूनें दिला. दहा वर्षें चालणाऱ्या अशा दाव्यांत पक्षकार आणि वकील यांच्यामध्यें किती बोलणें होत असेल! आपली बाजू कोठें भक्कम आहे, कोठें लंगडी आहे, हें पक्षकारानें मोकळ्या मनानें सांगितलें नाहीं, तर वकिलानें लढावें कशाच्या बळावर? आणि तें बोलणें उद्यां वकिलाच्याच तोंडून वदवून घेतां येऊं लागलें, तर सांगणार तरी कोण?

म्हणूनच १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें वकिलाच्या तोंडाला कुलूप घातलें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तेंच कुलूप आतां त्याच्या १३२ व्या कलमांत आहे. मात्र एक गोष्ट ध्यानीं धरावी. या कुलपाची किल्ली वकिलाजवळ नसते, ती पक्षकाराजवळ असते. त्यानें संमति दिली, तर वकील बोलूं शकतो.

आतां एक कल्पित प्रसंग पाहूं. महाडच्या पुढें, कशेडी आणि आंबेनळी या दोन घाटांच्या पायथ्याशीं पोलादपूर आहे. या मुलखांतील माणसांनीं पोटापाण्यासाठीं मुंबई गांठावी, ही जुनीच रीत. समजा, तेथील एक पदवीधर तरुण मुंबईंत परकीय मालकीच्या एका बँकेंत नोकरीस आहे. एके दिवशीं खात्यांत कांहीं गफलत आढळते. मुख्य कचेरी सातासमुद्रांपलीकडे. तेथून अंतर्गत चौकशीचा हुकूम सुटतो. तरुणाला एका खोलींत बोलावतात. समोर वकील बसलेले. ते सौजन्यानें म्हणतात, "हें सारें गुप्त राहील, निःशंकपणें सांगा." तरुण सांगतो: सही आपली आहे, पण ती वरिष्ठांच्या सांगण्यावरून केली.

श्रोतेहो, हें गुपित कोणाचें झालें? तरुणाला वाटतें, आपलें. वस्तुतः तें बँकेचें. वकील बँकेचा, पक्षकार बँक, आणि तरुण हा केवळ माहिती पुरविणारा. उद्यां बँकेच्या हिताचें असेल, तर त्या टिपणाची प्रत बँक रिझर्व्ह बँकेस देईल, पोलिसांसही देईल. आणि तरुणाला "नको" म्हणण्याचा हक्क नाहीं.

परदेशांत या प्रश्नाचा खल पुष्कळ झाला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं अपजॉन कंपनीच्या प्रकरणांत ठरविलें कीं, नोकरांनीं कंपनीच्या वकिलास सांगितलेलें गुप्त राहील. पण तो अधिकार कंपनीचा. इंग्लंडची वाट निराळी. १९९१ सालीं बी. सी. सी. आय. ही बँक बुडाली. तिची एक शाखा आपल्या मुंबईंतही होती. त्या बुडितावरून बँक ऑफ इंग्लंडवर खटला झाला, आणि २००३ सालीं तेथील अपील न्यायालयानें म्हटलें कीं, वकिलाशीं बोलण्यासाठीं नेमलेले मोजके अधिकारी तेवढेच पक्षकार; बाकीचे नोकर नव्हेत. पुढें २०१६ सालीं रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडनें आपल्या १२४ आजी-माजी नोकरांच्या मुलाखतींचीं टिपणें झांकून ठेवूं पाहिलीं. अमेरिकेच्या कायद्यानें तीं गुप्त आहेत, असेंही बँकेनें सांगून पाहिलें. लंडनच्या न्यायालयानें तें मानलें नाहीं. येथें इंग्लंडचाच कायदा चालेल, असें बजावलें. म्हणजे जें टिपण एका देशांत तिजोरींत सुरक्षित, तें दुसऱ्या देशांत उघड्यावर! परकीय बँकेच्या चौकशींत खरी मेख ही आहे.

आपल्याकडे तर आणखी एक पेंच आहे. बँकेचा पगारी कायदा-अधिकारी हा वकील मानावा काय? मुंबई उच्च न्यायालयानें विजय मेटल वर्क्सच्या प्रकरणांत पगारी सल्लागारालाही हें संरक्षण दिलें होतें; तो निकाल १९८२ च्या निकालसंग्रहांत आहे. परंतु ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, पगारी सल्लागार न्यायालयांत वकिली करीत नाहीं, म्हणून १३२ व्या कलमाचें कवच त्याला नाहीं. मालकाच्या वतीनें तो बाहेरील वकिलाशीं जें बोलेल, त्याला १३४ व्या कलमाचा आधार मिळेल. मालकाशीं जें बोलेल, त्याला मिळणार नाहीं.

येथें कोणी विचारील, असलीं कुलपें हवींतच कशाला? मोठ्या बँकांची लबाडी त्यांच्या आड दडून बसते. शंका रास्त आहे. परंतु कायद्यानें तिची तरतूद केलेली आहे. गुन्हा करण्याच्या हेतूनें घेतलेला सल्ला गुप्त राहत नाहीं. वकिलाशीं झालेलें बोलणें गुप्त, पण मूळ खातेवही आणि व्हाऊचर हीं वकिलाच्या हातीं दिल्यानें गुप्त होत नाहींत. शिवाय १९४९ च्या बँकिंग कायद्याच्या ३५ व्या कलमान्वयें रिझर्व्ह बँकेस कोणत्याही बँकेचीं दप्तरें तपासतां येतात, मग तिचा मालक देशी असो वा परदेशी. हा कायदा झाला त्या वेळीं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, पहिले भारतीय गव्हर्नर. आणि त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गांवचा, हें सांगतांना या मुलखाविषयीं अभिमान वाटतो.

तेव्हां दोष कुलपाचा नाहीं. दोष आहे तो, किल्ली कोणाजवळ आहे हें समोरच्या माणसाला न सांगण्याचा. चौकशी करणाऱ्या वकिलानें आरंभींच स्पष्ट सांगावें: "मी बँकेचा वकील आहें, तुमचा नव्हे, तुम्ही सांगाल तें उघड करावें कीं नाहीं, हें बँक ठरवील." एवढ्या दोन वाक्यांनीं चौकशी बिघडत नाहीं, उलट ती प्रामाणिक होते.

आणि ज्यांचीं मुलें अशा कचेऱ्यांत नोकरीस आहेत, त्या घरांना माझी विनंति आहे. मुलाला सांगा, खोटें बोलूं नकोस, कागद फाडूं नकोस, त्यानें लहान चूक मोठा गुन्हा होते. पण त्या खोलींत पाऊल टाकतांच नम्रपणें विचार, "आपण कोणाचे वकील?" उत्तर "बँकेचा" असें आलें, तर बोलण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या वकिलाचा सल्ला घेण्यास अवधि माग. महाडच्या त्या जुन्या दाव्यांत प्रत्येक पक्षाला आपला वकील कोण, हें ठाऊक होतें. मुंबईच्या बंद खोलींत बसलेल्या पोलादपूरच्या तरुणालाही तेवढें ठाऊक असावें.