कागदावर सही करण्याआधी

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



मला आज 'कार्यकर्ती आणि आरोग्यशिक्षण' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली बारा वर्षं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये काम करते. पस्तिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. एका कॉलेजचा दूरशिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला, मानवी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र. तो का करावासा वाटला, ते आधी सांगते. सांगताना आजही मान खाली जाते.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंना अंगावरून पांढरं जायचं. वय असेल 32. खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. नवरा तोडीवर होता, म्हणून सोबत मी गेले. नर्सनं कागद पुढे केला. ताईंचा अंगठा झाला आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. कागद इंग्रजीत होता. मला इंग्रजी येतं, पण मी तो वाचला नाही.

वर्षभरानं त्या माझ्याकडे आल्या. "पिशवी काढली तवापास्नं अंगात आग उठती ताई, झोप न्हाई, हाडं दुखत्यात." मी फाईल उघडली. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोश काढल्याचं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. बीजकोश काढल्यानं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं. बाईच्या आरोग्यावर शिबिरं घेणारी मी! त्याच महिन्यात फॉर्म भरला.

पोस्टानं पुस्तकं आली. आमच्या बायका बोलतात त्यातला एकही शब्द त्यांत नव्हता. आपण म्हणतो पिशवी, अंग बाहेर येणं, पाळी. पुस्तकात फॅलोपियन नलिका, बार्थोलिन ग्रंथी, ग्राफियन पुटक, डग्लसची खाच. ही सगळी युरोपातल्या पुरुषांची नावं. फालोप्पियो सोळाव्या शतकातला इटालियन, द ग्राफ सतराव्या शतकातला डच. ज्यांनी पाहिलं त्यांचं नाव लागलं, जिचं शरीर तिचं कुठेच नाही. बाह्य जननेंद्रियांसाठी 'प्युडेंडम' असा लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ लाज वाटावी असा भाग. आपण तरी वेगळं काय म्हणतो? गुह्यांग, लाजेची जागा. इथपासून तिथपर्यंत लाज एकच!

महिन्यातून एका रविवारी अभ्यासकेंद्रावर तास असे. हाडं, स्नायू, हृदय, सगळं सरांनी मन लावून शिकवलं. प्रजननसंस्थेचं प्रकरण आलं तेव्हा म्हणाले, "हे तुम्ही घरी वाचा, सोपंच आहे." वर्गात बायका जास्त होत्या. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

तेव्हा घरीच शिकायचं ठरवलं. प्रात्यक्षिकासाठी खाटकाकडून बोकडाचा गुर्दा आणि काळीज आणलं. "सुकं करायचं की रस्सा?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "वही करायचीय." गुर्दा उभा चिरला की बाहेरचा गडद थर, आतले पट्टे आणि मधली पोकळी दिसते. हृदयाचे चार कप्पे, त्यांतल्या झडपा, दोऱ्यांसारखे तंतू. पुस्तकात चार दिवस न समजलेलं विळीवर दहा मिनिटांत समजलं.

पुढचं सासूबाईंच्या परवानगीनं सांगते. त्या वर्षी मी गर्भाशयाचं मोठं चित्र काढून स्वयंपाकघरात लावलं होतं. उलट्या टांगलेल्या लहान पेरूएवढं गर्भाशय, दोन्ही बाजूंना बीजकोश, खाली स्नायूंची झोळी. चार दिवस त्या चित्राकडे न बघता वावरत होत्या. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अगं, ही झोळी फाटली तर काय होतं?" मी म्हटलं, "आई, झोळी सैल पडली की पिशवी खाली उतरते." त्या म्हणाल्या, "माझी वीस वर्षं उतरतेय."

आठ वर्षं एका घरात राहत होतो आम्ही. मी गावोगाव विचारत फिरायची, "अंग बाहेर येतं का?" घरात विचारलं नव्हतं. त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासून आत रिंग बसवली आणि स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकवला. ऑपरेशन लागलं नाही. प्रत्येकीला असंच चालेल असं नाही, पण ऑपरेशनशिवायही उपाय असतात हे आपल्याला माहीत तरी हवं.

आता त्या ताईंचं. बीजकोश फक्त बीज तयार करत नाहीत. तिथून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवतं आणि हाडं मजबूत राहायला त्याची गरज असते. दोन्ही बीजकोश काढले की पाळी जाण्याच्या वयात हळूहळू होणारे बदल एका दिवसात अंगावर कोसळतात. अंगात आग उठते ती यानंच. नुसतं गर्भाशय काढलं तरी प्रश्न असतोच, कारण बीजकोशांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतली एक शाखा गर्भाशयाच्या रोहिणीकडून येते, त्यामुळे काहींचे बीजकोश वेळेआधीच थकतात. आणि पांढरं जाणं हा दर वेळी रोग नसतो. पाळीच्या चक्राप्रमाणे स्राव कमी-जास्त, पातळ-चिकट होतो. खाज, दुर्गंधी, वेदना असेल तर बहुतेकदा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधानं बरा होतो. बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढायचं हे कारण नव्हे.

2019 साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहाजणींमागे एक. हे निव्वळ अज्ञानानं झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. कोयत्यामागे उचल घेतलेली असते, एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीत बदलायला आडोसा नाही. अशा वेळी बाईच म्हणते, नकोच ती कटकट. शरीरशास्त्राचं पुस्तक मुकादमाचा हिशेब बदलत नाही. त्यासाठी संघटनाच लागते. पण दवाखान्याच्या दारात बाई एकटी असते आणि तिथे ज्ञान लागतं.

पुस्तकानं काय सांगितलं नाही, तेही बोलते. शिश्निकेबद्दल माझ्या पुस्तकात एक ओळ होती. बाहेर दिसतो तो तिचा जेमतेम टोकाचा भाग, बाकीचा अवयव आत पसरलेला असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या शल्यचिकित्सक बाईंनी 1998 साली तपशिलात मांडलं. माणूस चंद्रावर जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती!

तसंच योनिपटलाचं. ते सगळ्यांचं सारखं नसतं, काहींना जन्मतःच जवळजवळ नसतं, आणि त्यावरून बाईचा संबंध आला की नाही हे सांगता येत नाही. हे शरीरशास्त्र आहे. पण 1972 च्या मथुरा प्रकरणात पटलाच्या जुन्या जखमांवरून त्या आदिवासी मुलीला 'शरीरसंबंधांची सवय असलेली' ठरवलं गेलं आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयात दोन्ही पोलीस सुटले. त्या निकालावरच्या संतापातून आपली चळवळ उभी राहिली. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली चुकीची ठरवली आणि 2022 साली पुन्हा खडसावून सांगावं लागलं. पेशंटच्या खाटेपासून कोर्टाच्या पिंजऱ्यापर्यंत आपल्या शरीराबद्दल दुसरेच बोलत असतात, म्हणून आपण शिकायचं.

मी डॉक्टर झालेले नाही. औषधं सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नका. मी एवढंच करते की बाईबरोबर जाते आणि विचारते : आजाराचं नाव काय? सोनोग्राफीत काय दिसलं? औषधानं बरं होणार नाही का? नेमकं काय काढणार, बीजकोश ठेवणार की नाही? आज नाही केलं तर काय होईल? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला कागद द्याल का? हे सहा प्रश्न आमच्या गटातल्या बायकांना आता तोंडपाठ आहेत. काही डॉक्टर चिडतात. काही नीट बसवून समजावतात. तेवढ्यावरूनही पुष्कळ कळतं.

परीक्षा झाल्यावर मी ते चित्र घेऊन त्या ताईंकडे गेले. त्यांच्यातून काय काढलं, ते बोट ठेवून दाखवलं. मी न वाचता सही केली होती, हेही सांगितलं. त्या बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तवाच कळलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. हाडांच्या तपासणीसाठी त्यांना आता मी नेते आणि प्रत्येक कागद दोघी मिळून वाचतो, मोठ्यानं. त्यांची मुलगी नववीत आहे. ते चित्र ताईंनी मागून घेतलं, तिच्यासाठी.

एवढं बोलून थांबते.