साळा म्हणा, शाळा म्हणा

टाळ जरा मांडीवर ठेवा. चकलांब्याच्या मंडळींना आज थोडं तोंडाचं काम सांगतो. म्हणा 'क'. लांबवा बरं! लांबतो का? नाही लांबत. आता म्हणा 'स'. स्स्स्... दम असेपर्यंत चालतो.

असं का? 'क' म्हणताना जीभ मागं दार पक्कं लावते, वारा कोंडतो, मग एकदम सुटतो. 'स'ला दार लावत नाही, बारीक फट ठेवते. त्या फटीतून वारा घासत जातो, तेच त्याचं बोलणं. 'क'पासून 'म'पर्यंत २५ वर्ण स्पर्श, आणि श, ष, स, ह हे ४ ऊष्म, असं आपल्या जुन्या शास्त्रकारांनी लावून दिलं. फट दातांपाशी ठेवली की 'स', टाळूपाशी नेली की 'श', जिभेचं टोक वर वळवलं की 'ष'. पण खरं सांगा, 'कृष्ण' म्हणताना जीभ वळवतो कोण? शिकलेला माणूससुद्धा बहुतेक वेळा 'श'वरच भागवतो.

मग आपलं पोरगं शहरात गेलं, 'साळा' म्हणालं, 'एकादसी' म्हणालं, की लोक हसतात कशाला? अहो, पैठण इथून लांब नाही. तिथं सातवाहनांचं राज्य होतं. हाल राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे, त्या भाषेत श, ष, स या तिघांच्या जागी एकटा 'स' होता. राजाच्या ग्रंथाला चालला, तो तुमच्या लेकराला का चालू नये?

उलटही बघा. हिंदीवाल्यांची मौसी, आपली मावशी. एक म्हैस, पण दावणीला चार म्हशी. पुढं 'ई' आली की 'स' आपोआप टाळूकडं सरकतो. हे कुणी शिकवलं? कुणी नाही, गोठ्यातच आलं.

आता राहिला 'ह'. दात पडलेल्या आजीचा 'स' फसफसतो, म्हणून ती बाई हरिपाठाला मागं जाऊन बसते, ओठ हलवते, आवाज काढत नाही. आजी, पुढं या. 'ह'ला दात लागत नाही, टाळू लागत नाही. तो गळ्यातच होतो, नुसत्या श्वासावर. हाताचा तळवा तोंडापुढं धरून म्हणा, ऊब लागेल हाताला.

हं, सरका रे पोरांनो, आजींना जागा द्या. घ्या टाळ. बोला, हरी!