बिठूरच्या वाटेने आलेला खांब
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान, मानक नगर, लखनौ)



परगावी गेलेला समाज प्रथम देऊळ उभारतो, मग गणपती बसवितो आणि मग नाटक करतो, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हे बहुतांशी खरे असले तरी त्यात एक गोष्ट विसरली जाते. मराठी माणूस जेथे जेथे वस्तीला गेला तेथे तेथे त्याने तांबड्या मातीचा एक चौकोन आखला आणि त्यात एक खांब पुरला. त्या खांबाविषयी आज बोलावयाचे योजिले आहे.

इतर देशांतही शेजाऱ्यांनी एकत्र येऊन चालविलेली अशी मंडळे असतात. थंड मुलुखातील फिगर स्केटिंगच्या क्लबांचा इतिहास वाचला म्हणजे आपल्या आखाड्याचीच आठवण होते. फार दूर जावयास नको. सिमल्याचे बर्फाचे मैदान १९२० सालापासून चालू आहे. तेथे पाणी शिंपडून रात्रीच्या थंडीने ते गोठवावयाचे आणि पहाटे त्यावर घसरत वर्तुळे काढावयाची, असा क्रम असे. अलीकडे हिवाळे उबदार होऊ लागल्याने तेथील खेळाचे दिवस घटले आहेत. बर्फ काय आणि माती काय, रोज राखणारा कोणी असेल तोवरच ती खेळास योग्य राहते.

मल्लखांबाचे मूळ जुने आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या स्तंभश्रमाचा उल्लेख सापडतो. त्यानंतरच्या काही शतकांत मात्र या विद्येचा माग पुसट होतो. तिचे पुनरुज्जीवन केले ते दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब असे दोन पहिलवान पुण्यात आले, त्यांच्याशी झुंजावयास कोणी पुढे होईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटाने मुदत मागितली, सप्तशृंगीच्या डोंगरावर उपासना केली आणि झाडावरील वानरलीला पाहून त्यास ही युक्ती साधली, अशी कथा आखाड्यांतून सांगितली जाते. तिचा ऐतिहासिक पुरावा शोधीत बसण्यापेक्षा तिच्यातील मर्म घ्यावे: कुस्तीगिराला प्रतिस्पर्धी न मिळाला तर लाकडाचा प्रतिस्पर्धी करावा.

यापुढचा भाग आपल्या अगदी शेजारचा आहे. १८१८ साली बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लक्ष रुपयांच्या तनख्यावर बिठूरला आले. आपल्या या वसाहतीपासून कानपुरावरून गेल्यास शंभर किलोमीटरच्या आसपास ते ठिकाण पडते. पुण्याहून आलेली कित्येक मराठी घराणी गंगेच्या त्या काठी स्थिरावली. त्यांची स्थिती आपल्याहून फारशी निराळी नव्हती. गाव सुटले होते, परतण्याची आशा नव्हती, आणि मुले हिंदुस्थानी बोलू लागली होती. त्या वस्तीतच मोरोपंत तांब्यांची मनू वाढली. नानासाहेबांबरोबर तिने तलवार, घोडा आणि मल्लखांब यांचे शिक्षण घेतले असे परंपरा सांगते. ही विद्या काशीसही गेली; बाळंभटदादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव तेथील आखाड्याच्या संदर्भात आदराने घेतले जाते. म्हणजे आपल्या या प्रांताला मल्लखांब काल परवा आगगाडीतून आलेला नाही.

पुढे महाराष्ट्रात त्याला संस्थांचे बळ लाभले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या प्रसंगी बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. पारतंत्र्यातील एका जिल्ह्याच्या गावाने हे करावे, ही आजही नवल वाटण्यासारखी गोष्ट आहे. मुंबईत दादरला शिवाजी उद्यानाच्या मैदानावर समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. १९८१ साली उज्जैनला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी उद्यानावर पहिली जागतिक स्पर्धा भरली. आणि समर्थचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. एवढा मजकूर स्मरणिकेस पुरे.

माझे लक्ष वेधते ते निराळ्याच ठिकाणी. पुरलेला खांब शिसवीचा किंवा सागाचा, खाली जाड व वर निमुळता; त्याचे अंग, मान आणि बोंड असे भाग. एरंडेल चोळले की कातडी सोलत नाही. अढी, तेढी, बगली, दसरंग हे शब्द ऐकताच येथील वडीलधाऱ्यांपैकी काहींचे डोळे लकाकतील. त्यांच्या नातवंडांना त्यांचा अर्थ सांगावा लागेल. मराठीचा केवढा तरी भाग असा अंगात भिनलेला असतो. पुस्तकातून तो येत नाही. ‘अढी मार’ ही आज्ञा कानी पडताच पाय आपोआप खांबाला वेढा घालतात, तेव्हा तो शब्द मुलाला कळलेला असतो. मुलांनी मराठी बोलावे म्हणून आपण येथे वर्ग काढले; ते चालले त्याहून अधिक वेळा बंद पडले. कारण वर्गात मराठी हा विषय होता, काम नव्हते.

कोणी म्हणतील, हा मुलग्यांचा खेळ. पुरलेला खांब पुष्कळ काळ मुलग्यांकडेच राहिला हे खरे. परंतु दोरीचा मल्लखांब मुलींनी असा काही आपलासा केला की आज त्यातील उत्तम आकृत्या पाहावयाच्या तर मुलींच्याच पाहाव्यात. पूर्वी वेताचा उपयोग होई; तसा वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोरी आली. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात ती धरून वर चढावयाचे आणि गाठ न मारता अंगाभोवती गुंडाळून आसन घ्यावयाचे. त्यास खर्च असा नाहीच. एक भक्कम तुळई, एक दोरी, खाली जाड गादी, आणि मुख्य म्हणजे शिकविणारा.

शिकविणारा हीच अडचण आहे. आपल्या या नगराचे नावच ‘मानक’. येथील मंडळींनी रुळांपासून डब्यांपर्यंत सर्व वस्तूंची प्रमाणे ठरविली आणि तुळई किती भार पेलील हे पाहण्यास माणसांची वाण नाही. (आमच्या कार्यकारिणीत सभागृहाच्या पंख्याचा हुकदेखील गणित केल्यावाचून बसत नाही.) परंतु रोज सायंकाळी साडेपाचला हजर राहील असा माणूस बदलीच्या नोकरीत सापडणे कठीण. बिठूरकरांना बदली नव्हती, तसा परतीचा रस्ताही नव्हता. म्हणून आमच्यातील जे सेवानिवृत्त होऊन येथेच राहिले आहेत आणि ज्यांनी तरुणपणी अढी मारली आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी स्वतः चढू नये, केवळ खाली उभे राहून सांगावे. महाराष्ट्रातील एखाद्या संस्थेतून उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर एखादा तरुण प्रशिक्षक बोलाविता येईल. त्याच्या जेवणाची पाळी घरोघर लावता येईल. दोरीचे वजन, तुळईची जागा आणि गादीचा आकार यांचे टिपण मी कार्यवाहांकडे दिले आहे. ते भाषण संपल्यावर दाराशी ठेवलेले आढळेल. ज्यांना नाव नोंदवावयाचे असेल त्यांच्यासाठी त्याच्या मागील बाजूस जागा सोडली आहे.