दीवचे जुने गाव आणि बंद घरांच्या चाव्या
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी विदुषी येऊन आपल्याला चार शब्द सांगतात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आहे. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा व्याख्यान म्हणावे असे काही माझ्यापाशी नाही. पण गेल्या पौषात मी व यजमान दीवला चार दिवस राहिलो. माझा भाचा नोकरीनिमित्त वेरावळला असतो, त्याने नेले. तेथे जे पाहिले, आणि परत आल्यावर वाचनालयातील पुस्तके आणून जे समजून घेतले, ते घरगुती भाषेत आपल्यापुढे ठेवते.

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाशी असलेले लहानसे बेट. मध्ये अरुंद खाडी आणि तिच्यावर पूल. चार शतकांहून अधिक काळ ते पोर्तुगिजांकडे होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा आणि दमण यांच्याबरोबर तेही स्वतंत्र झाले. पुढे १९८७ पर्यंत गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, म्हणजे दीवचा कारभार पणजीहून चालत असे. २०२० पासून ते दादरा, नगरहवेली व दमणच्या जोडीला आहे.

जुने गाव बेटाच्या पूर्व टोकाला आहे. एका अंगाला समुद्रात घुसलेला किल्ला, दुसऱ्या अंगाला गावाचा तट, आणि या दोहोंच्या मध्ये गल्ल्यागल्ल्यांचे गाव. दुपारची झाकपाक करून निघालो तर दिवेलागणीपर्यंत पायी पाहून होईल, एवढेच. तटाच्या दरवाजाला झांपा दरवाजा म्हणतात. झांपा म्हणजे गुजरातीत फाटक. त्यावर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेले आहेत.

आता किल्ल्याची कथा. १५३५ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीने हैराण झाला होता. मदतीच्या आशेने त्याने पोर्तुगिजांना येथे किल्ला बांधू दिला. भटाला दिली ओसरी, तसे झाले. दोनच वर्षांनी, १५३७ साली, त्यांच्याशी झालेल्या झटापटीत दीवच्याच समुद्रात त्याचा अंत झाला. मग किल्ला परत घेण्यासाठी दोन मोठे वेढे पडले, एक १५३८ साली आणि दुसरा १५४६ साली. पहिल्या वेढ्यात गुजरातच्या सैन्याच्या मदतीला सुलेमान पाशाचे तुर्की आरमारही आले होते. तोफांनी तट ढासळत होता आणि आतली माणसे रोज कमी होत होती. तेव्हा किल्ल्यातील बायका पुढे झाल्या. इझाबेल द वैगा आणि आना फर्नांडिस ही त्यांतील दोघींची नावे पोर्तुगीज इतिहासात राहिली आहेत. बायकांनी दगडमाती वाहून पडलेला तट भरून काढला आणि जखमींची शुश्रूषा केली.

दुसरा वेढा तर सुमारे सात महिने चालला. तो उठला तेव्हा किल्ल्याची पार दैना झाली होती आणि डागडुजीला पैसा नव्हता. तेव्हा पोर्तुगिजांचा गव्हर्नर जुवांव द कास्त्रो याने गोव्याच्या नगरसभेकडे वीस हजार नाण्यांचे कर्ज मागितले आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले! जुन्या पोर्तुगीज ग्रंथांत असे आहे की गोव्याने पैसे तर दिलेच, पण तेथील व आपल्या चौलच्या पोर्तुगीज वस्तीतील स्त्रियांनी अंगावरचे दागिनेही देऊ केले. दाढीची गोष्ट सगळे सांगतात. दागिन्यांची गोष्ट पुस्तकात शोधावी लागते.

भगिनींनो, परकी सत्तेचे कौतुक करावे म्हणून मी हे सांगत नाही. तोफेच्या जोरावर आलेले ते लोक. पण भिंत पडली की ती उभी करायला बायकांचे हात लागतात, हे शत्रूच्या घरीही खरे आणि आपल्या घरीही खरे. आणि किल्ल्याचा दगड कोठला? तो याच बेटाचा. तटाबाहेर नायडा नावाच्या गुहा आहेत. बांधकामासाठी दगड कापून नेता नेता त्या तयार झाल्या असे तेथे सांगतात. आत उभे राहिले की वरच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि भिंतींवर चौकोनी काप दिसतात. ज्यांनी ते दगड कापले, डोक्यावर वाहिले, त्यांची नावे मात्र कोठल्याच पुस्तकात मला सापडली नाहीत.

गावात तीन मोठी जुनी चर्चे आहेत. सेंट फ्रान्सिसचे १५९३ चे, सेंट थॉमसचे १५९८ चे आणि सेंट पॉलचे. हे तिसरे १६०१ साली सुरू होऊन १६१० साली पुरे झाले. सेंट पॉलमध्ये आजही प्रार्थना होते. त्याच्या दर्शनी भिंतीवरचे नक्षीकाम पाहून देवघराच्या चांदीच्या मखराची आठवण झाली. सेंट थॉमसमध्ये संतांच्या जुन्या लाकडी मूर्ती ठेवून संग्रहालय केले आहे. सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये कित्येक वर्षे रुग्णालय चालले. यजमान म्हणाले, "देवळाचा दवाखाना केला, हे काही बरे नाही." मला तसे वाटले नाही. ज्या इमारतीत माणसांची ये-जा राहिली, तिची कौले कोणी तरी फिरवली, भिंतीला चुना कोणी तरी दिला. चारशे वर्षे ती उभी आहे ती त्यामुळेच. प्रार्थना असो की औषध असो, दार उघडे राहिले हे महत्त्वाचे.

आता घरांकडे वळते, कारण मला खरे बोलायचे आहे ते घरांविषयी. फिरंगीवाड्यात आणि जुन्या गावात रंगीत दुमजली घरे आहेत. कोणाला लाकडी सज्जे, कोणाच्या दारावर चुन्यात उठवलेल्या वेली आणि फळे. सर्वांत नामांकित ती नगरशेठची हवेली. हा पैसा कोठून आला? समुद्रापलीकडून. दीवचे वाणी आफ्रिकेतील मोझांबिकशी व्यापार करीत. इकडून कापड जाई, तिकडून हस्तिदंत येई. १६८६ साली तर दीवच्या व्यापाऱ्यांच्या कंपनीला त्या व्यापाराचा मक्ताच मिळाला होता. बेटावर होका नावाचे फांद्या फुटणारे ताड दिसतात, तेही आफ्रिकेतून आलेले म्हणतात. नुसते व्यापारीच नव्हे, गवंडीही दीवहून मोझांबिकला गेले. म्हणजे इकडच्या हातांनी तिकडेही भिंती उभारल्या.

१९६१ नंतर हा धागा तुटला. दीव भारतात आले, त्याचा राग पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधील हिंदी लोकांवर काढला. कित्येकांना अटकेत ठेवले, देशाबाहेर घालवले. पुढे १९७५ साली मोझांबिकही स्वतंत्र झाले आणि उरलेल्यांतील पुष्कळजण पोर्तुगालला गेले. तेथून काहीजण इंग्लंडात पोचले. म्हणून दीवच्या गल्लीत फिरताना एक घर उघडे, तर एक बंद, असे दिसते. कडीला कुलूप, कुलपावर गंज, आणि सज्जातून उगवलेला पिंपळ.

अशाच एका गल्लीत एक म्हातारी बा भेटल्या. त्यांच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता. मला वाटले, केवढे मोठे घर असेल! तर त्या चाव्या तीन शेजाऱ्यांच्या. तिन्ही घरे परदेशी. दर आठवड्याला बा एकेक घर उघडतात, खिडक्या मोकळ्या करतात, केर काढतात, देव्हाऱ्यात दिवा लावतात आणि दुपार टळली की पुन्हा कुलूप घालतात. मी विचारले, "पगार किती देतात?" त्या हसल्या. म्हणाल्या, "हवा लागली तर घर टिकते. आणि पावसात कोठे गळते ते तरी कळते."

मला त्यांच्याकडून आणखी एक समजले. खारी हवा भिंतीत मुरते. जुनी भिंत चुन्याची असते, ती ओल घेते आणि उन्हात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओलीला बाहेर पडायची वाट राहत नाही, आणि भिंत आतून पोखरते. म्हणून बा दर दिवाळीला चुनाच देतात. चुना कालवायला सातवीच्या पुढचे शिक्षण लागत नाही.

हे सारे माझ्या मनाला का लागले ते सांगते. कोकणात माझे माहेरचे चिरेबंदी घर आहे. आई गेल्यापासून सहा वर्षे ते बंद आहे. एक दादा मुंबईला, एक पुण्याला. आता गिऱ्हाईक आले आहे, आणि २००५ च्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत मुलीचाही वाटा मुलाइतकाच, म्हणून कागदावर माझी सही हवी आहे. दादांचे म्हणणे खोटे नाही. छपराला खर्च आहे, वाशांना वाळवी आहे, आणि गणपतीचे दोन दिवस सोडले तर तेथे जायला कोणाला सवड आहे? थोरल्या वहिनी म्हणाल्या, "वन्सं, भिंती धरून बसलात तर भिंतीच तुमच्या अंगावर येतील." तेही मी ऐकून घेतले. मी सही दिलेली नाही, आणि नाहीही म्हटलेले नाही. दादांना एवढेच कळवले आहे की एक पावसाळा थांबू. तिघांनी पाळीपाळीने महिन्यातून एकदा जाऊन दारे-खिडक्या उघडू. शेजारच्या काकूंकडे चावी ठेवू. पावसाळा संपला की घर काय म्हणते ते पाहून ठरवू. विकायचे ठरले तरी उघडे घर विकू. कुलूप विकायचे नाही. दादांचे उत्तर अजून यायचे आहे.

आपल्या गावातही बाजारपेठेच्या मागच्या आळीत बंद वाडे आहेत. ते सगळे वाचतील असे मी म्हणत नाही. दीवला सरकारचे लक्ष किल्ल्यावर असते, ते योग्यच आहे. पण आळीतल्या घराला सरकार पुरणार नाही, शेजारीणच पुरेल. म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, ज्यांचे घरमालक परगावी आहेत त्यांना पत्र घालून विचारावे की चावी देता का, पंधरवड्यातून एकदा दारे उघडू. दुसरी, आपल्यातील ज्या आजीबाई सत्तरीच्या पुढे आहेत त्यांच्याकडून कोणता वाडा कोणी बांधला, विहीर कोणाची, चौकात काय होत असे, हे एका वहीत उतरवून घ्यावे. वहीचा खर्च मी देते. अक्षर मात्र दुसऱ्या कोणाचे तरी चांगले असेल ते चालवावे!

मंडळाला दीर्घायुष्य लाभो, आणि आपल्या सभेच्या खोलीचे दार असेच उघडे राहो, एवढी प्रार्थना करून माझे चार शब्द पुरे करते.