भ्रमणध्वनी, समाजमाध्यमे आणि धर्मादाय संस्था
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



धर्मादाय संस्थांच्या कारभारात भ्रमणध्वनीने नेमके काय बदलले, हे समजून घेण्यासाठी हैती या कॅरिबियन समुद्रातील छोट्या देशाकडे वळावे लागते. 12 जानेवारी 2010 रोजी तेथे भीषण भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. अमेरिकेत लगोलग एक आवाहन पसरले. भ्रमणध्वनीवर ‘हैती’ एवढाच शब्द टंकावा, तो 90999 या क्रमांकावर पाठवावा. दहा डॉलर रेडक्रॉसच्या नावे पडतील आणि ती रक्कम फोनच्या बिलात लागून येईल. धनादेश नको, टपाल नको, वर्गणीसाठी घरोघर खेटे नकोत. फेसबुक आणि ट्विटर या माध्यमांवरून हे आवाहन हातोहात पुढे गेले. अशा लघुसंदेशांतून अमेरिकन रेडक्रॉसकडे 3 कोटी 20 लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. दहा डॉलरच्या हिशेबाने पाहिले, तर हे दान बत्तीस लाखांहून अधिक वेळा घडले.

या कथेचा उत्तरार्ध मात्र सभा-संमेलनांतून फारसा सांगितला जात नाही. सर्व मार्गांनी मिळून त्या संस्थेकडे हैतीसाठी सुमारे 50 कोटी डॉलर जमले होते. जून 2015 मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर या अमेरिकी वृत्तसंस्थांनी शोध घेऊन असे प्रसिद्ध केले की, संस्थेने हैतीत बांधलेली कायमस्वरूपी घरे अवघी सहा आहेत. संस्थेने खुलासा केला. घरांची दुरुस्ती, तात्पुरता निवारा, भाड्यासाठी साहाय्य, आरोग्यसेवा, पाणी अशा कामांवर रक्कम खर्च झाल्याचे सांगितले. त्या खुलाशात तथ्य असेलही. परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो सहाचा आकडा. ज्याने आयुष्यभर खतावणी लिहिली आहे, त्याला यातील उणीव चटकन दिसते. जमेची बाजू फोनवर आली आणि खर्चाची बाजू कपाटातच राहिली. ज्या फोनवरून दहा डॉलर आले, त्याच फोनवर दर तिमाहीस दोन ओळींचा हिशेब पाठविणे मुळीच अवघड नव्हते.

असा हिशेब लोकांपर्यंत पोहोचला की काय होते, याचेही उदाहरण आहे. 2014 साली बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याची एक चित्रफीत-लाट जगभर उसळली. प्रथमदर्शनी तो पोरखेळ वाटे. परंतु त्यातून अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे 11 कोटी 50 लाख डॉलर आले. स्नायूंना दुर्बल करणाऱ्या त्या असाध्य व्याधीशी संबंधित ‘एनईके1’ या जनुकाचा 2016 मध्ये शोध लागला, तेव्हा त्या संशोधनास याच निधीचा हातभार लागला होता, हे दात्यांना कळविण्यात आले.

हैतीतच फोनचा दुसरा, कदाचित अधिक मोलाचा उपयोग घडला. 4636 हा क्रमांक भूकंपग्रस्तांसाठी खुला करण्यात आला. ढिगाऱ्याखाली कोण अडकले आहे, पाणी कोठे नाही, हे लोकांनी आपल्या क्रेओल भाषेत लिहून पाठविले. परदेशांत स्थायिक झालेल्या हैतीवासी स्वयंसेवकांनी त्या संदेशांचे भाषांतर केले. ‘उशाहिदी’ या प्रणालीवर असे संदेश नकाशात मांडले गेले. ही प्रणाली केनियात, 2007 च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचाराची नोंद ठेवण्यासाठी जन्मली. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ साक्ष. गरजू माणूस स्वतःच्या भाषेत बोलतो आणि संस्था ऐकते, हा क्रम येथे साधला गेला. एरवी बहुतेक संस्था फोनचा वापर बोलण्यासाठीच करतात.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. भारत सरकारच्या ‘किलकारी’ योजनेत गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बालक एक वर्षाचे होईपर्यंत मातेच्या फोनवर दर आठवड्यास ध्वनिमुद्रित सल्ला ऐकविला जातो. त्यासाठी महागडा स्मार्टफोन लागत नाही, साधा फोन पुरतो.

या साधनाची दुसरी धारही महाराष्ट्राने पाहिली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशा अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. संस्थेच्या नावाने चालणाऱ्या गटात आलेला संदेश लोक संस्थेचा शब्द म्हणून स्वीकारतात. म्हणून रक्त हवे, औषध हवे अशा आवाहनांतही दिनांक, रुग्णालयाची खातरजमा आणि गरज भागल्याची सूचना असावयास हवी. गरज भागूनही वर्षानुवर्षे फिरत राहणारे आवाहन पुढील खऱ्या रुग्णाच्या वाटेत येते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. युपीआय 2016 साली आले आणि दानपेटीवर चौकोनी कोड चिकटला. तो संस्थेच्याच खात्याचा असावा, विश्वस्ताच्या वैयक्तिक खात्याचा कदापि नसावा, आणि वरून कोणी दुसरा कागद डकवला नाही ना, हे रोज पाहावे. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी 2017-18 पासून रोख देणगीची मर्यादा 2000 रुपये आहे, त्यामुळे कोडचा उपयोग दात्यालाही आहे. मात्र तोच कोड परदेशातील नातलगांना पाठविताना सावध असावे. परकीय नागरिकत्व घेतलेल्या माणसाची देणगी, तो मूळचा याच गावचा असला तरी, परकीय अंशदान ठरते आणि त्यास 2010 च्या कायद्याखालील नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते.

शेवटी छायाचित्रांविषयी. या भूमीत गुप्तदानाची परंपरा मोठी. आज शिष्यवृत्तीचा धनादेश हातात घेतलेल्या मुलाचे छायाचित्र त्याच सायंकाळी शेकडो फोनवर पोहोचते आणि तो मुलगा मोठा होऊन नोकरीस लागला, तरी ते तेथेच असते. 2023 मध्ये संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणविषयक कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. परंतु मदतीच्या रांगेत उभा असलेला पालक नकार देईल कसा? शुल्क भरल्याची शाळेची पावती, नाव झाकून, गटात ठेवली तरी दात्यास हिशेब मिळतो. त्यासाठी मुलाचा चेहरा लागत नाही.