पंचवीस किलोचा कट्टा

मी रायपूरच्या गुढ़ियारीत राहतो. निवृत्त फौजी माणूस, वकील नाही. पण कायद्याची पुस्तकं अधिकाऱ्याला फौजेतही वाचावी लागतात, आणि ती सवय अजून सुटलेली नाही.

गुढ़ियारी म्हणजे रायपूरचा घाऊक बाजार. ट्रक, गोदामं, हमाल. समजा, एका पोरानं पंचवीस किलो तांदळाचा कट्टा उचलला. हजार-बाराशेचा माल, पहिलाच गुन्हा. शिक्षा किती?

ते कट्टा कुठे होता यावर आहे. दुकानाबाहेर फुटपाथवरच्या थप्पीतून उचलला असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. माल ५,००० रुपयांच्या आतला, पोरगा पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेत ही शिक्षाच नव्हती. हा बदल मला मनापासून आवडला. पण तोच कट्टा ट्रकवरून किंवा गोदामातून उचलला, तर कलम ३०५ लागतं. तिथे किंमत कोणी विचारत नाही. सात वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र.

कोणी म्हणेल, साहेब, सात वर्षं देतं कोण? बरोबर आहे. नागरिक सुरक्षा संहिताच म्हणते की २०,००० रुपयांपर्यंतची चोरी, गोदामातली असली तरी, संक्षिप्त खटल्यानं चालवा. आणि त्यात तीन महिन्यांहून जास्त कैद देता येत नाही. मग सात हा आकडा करतो काय? तो खटल्याच्या आधी काम करतो. कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायचं असतं. सात वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे २८ महिने. जामिनाला कोणी उभं राहिलं नाही आणि खटला रेंगाळला, तर तीन महिन्यांच्या गुन्ह्याला २८ महिने आत. परगावच्या हमालाच्या पोराला जामीन राहणार कोण?

आता उलट बाजू बघा. ५,००० च्या आतली साधी चोरी अदखलपात्र ठेवली आहे. भाजीवालीचा साडेचार हजारांचा मोबाइल गेला, तर पोलीस नोंद करून तिला मॅजिस्ट्रेटकडे पाठवणार. त्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. धंदा बुडवून ती जाईल का? आणि चोर सापडलाच नाही, तर माल परत कोण करणार, सेवा कोण करणार?

आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ८० मध्ये कमांडिंग ऑफिसरच्या हातात एक शिडी दिलेली आहे. जादा पहारा, लाइन्सबाहेर जायला बंदी, १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड, फार तर २८ दिवस कोठडी. त्याहून गंभीर असेल तर कोर्ट मार्शल. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे जवानाला ठाऊक असतं. फौज काही मऊ नाही हो! तिथे २८ दिवस, इथे २८ महिने. योगायोगच, पण मला खुपतो.

सामुदायिक सेवेला मात्र पायऱ्याच नाहीत. समाजाच्या उपयोगाचं, बिनमोबदल्याचं काम, एवढीच व्याख्या. किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, काही नाही. इंग्लंडमध्ये अशा कामाला ४० ते ३०० तासांची मर्यादा आहे. आपल्याकडे एक कोर्ट दोन दिवस झाडू मारायला लावेल, दुसरं दोन महिने.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. छत्तीसगढ़ किंवा महाराष्ट्राची विधानसभा राष्ट्रपतींच्या संमतीनं दुरुस्ती करू शकते. ५,००० ची सवलत ट्रक-गोदामातल्या पहिल्या चोरीलाही द्यावी. घरफोडी, मूर्तिचोरी वेगळी राहू द्या, तिथे मी हात लावायला सांगत नाही. छोटी चोरी दखलपात्र पण जामीनपात्र करावी, म्हणजे भाजीवालीचा मोबाइलही शोधला जाईल. तासांचं कोष्टक सगळ्यात आधी हवं.

तुमच्यापैकी जे वकिली करतात, मग ते नागपूर असो, बेळगाव असो की इंदूर, त्यांनी आपल्या कोर्टात सामुदायिक सेवेची शिक्षा झाली असेल तर किती तास आणि कोणतं काम, एवढं कळवावं. नाव-गाव नको.